बिल्ला मागे

माझ्या शिलाईतून पाणी येतं असं कोणी म्हटलं की मी त्याच्याशी दोन दिवस बोलत नाही. मालकाशी मी चार दिवस बोलले नव्हते, कारण तो हे चारचौघांसमोर म्हणाला होता.

आमचा कारखाना ताडपत्र्यांचा. ट्रकवर टाकायच्या, गोदामातल्या मालावर टाकायच्या, जाडजूड, मेणाचा वास येणाऱ्या ताडपत्र्या. मी तिथे एकतीस वर्षं मशीनवर बसते. मशीन काळं, अवजड आणि अडेल, म्हणून त्याला आम्ही म्हैस म्हणतो. म्हैस माझ्याशिवाय कोणाला दाद देत नाही. दुसरं कोणी बसलं की दोरा तोडते, नाहीतर सुई मोडून ठेवते. मलाही लोक माघारी दाभण म्हणतात, पोती शिवायच्या त्या जाड सुईवरून. मला सगळं ठाऊक आहे. म्हणेनात का, दाभण निदान सरळ तरी असते.

तर झालं असं. तळ्याकाठी तंबूंची जागा चालवणाऱ्या एका कॅम्पवाल्याने आमच्याकडे बारा ताडपत्र्या मागवल्या. त्याच्याकडे येणारे लोक तंबू न लावता नुसती ताडपत्री झाडांना बांधून तिच्याखाली झोपतात म्हणे. हौस असते एकेकाला. असलं काम कारखान्यात पहिल्यांदाच आलं होतं. मी बाराच्या बारा स्वतः शिवल्या, रिंगा ठोकल्या, कडेला कारखान्याच्या नावाचे लाल बिल्ले लावले. तीन आठवड्यांनी गठ्ठा परत. वर चिठ्ठी, ‘मधल्या शिलाईतून गळतात. सगळ्याच.’

मालकाने काय करावं? एक ताडपत्री दोन खुर्च्यांमध्ये पसरली आणि मधोमध बादली ओतली. पाणी साचलं, पोट लोंबलं, आणि खाली टिपटिप सुरू झाली. सगळा कारखाना भोवती उभा.

“मावशी,” तो म्हणाला, “डोळे तपासून घ्या एकदा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा थोरल्या मालकांचा मुलगा, ह्याला मी चड्डीत पाहिलेला. चारचौघांत मी त्याला मालकच म्हणते, पण राग आला की तोंडातून बाळा निघतं.

“बाळा, असं तळं करून ठेवल्यावर पत्र्याचं छप्परसुद्धा गळेल. ताडपत्री उताराला बांधतात.”

“त्यांनी उतारालाच बांधल्या होत्या. मी फोन करून विचारलं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तसंही मी कापड तापवून चिकटवायचं मशीन घेतोय. सुईच नको आणि भोकंही नकोत. म्हशीला न्यायला सोमवारी सकाळी भंगारवाला येणार आहे. तुम्ही घडीच्या टेबलावर या, बसून काम आहे, तुम्हालाही आराम.”

एकतीस वर्षं शिवल्यावर मी घड्या घालत बसू? त्याने मला घरी पाठवलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

“आणि शिलाई गळत नाही हे मी दाखवलं तर?”

“तर म्हैस राहील,” तो म्हणाला. आजूबाजूला माणसं होती, त्यामुळे त्याला शब्द फिरवता येण्यासारखा नव्हता. “पण दाखवणार कशा?”

“ह्यातली एक ताडपत्री द्या मला. कुठलीही, तुम्हीच काढून द्या.”

त्याने गठ्ठ्याच्या मधून एक ओढली. मी ती काखोटीला मारली आणि त्यानंतर चार दिवस त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही.

घरी लेकीचा फोन आला तेव्हा सांगितलं की रविवारी तळ्यावर जातेय, त्याच कॅम्पवाल्याच्या जागेत, रात्रभर ताडपत्रीखाली राहणार आहे. हवामानवाले रविवार दुपारपासून पाऊस सांगत होते. लोक तसल्या बातम्या ऐकून बेत रद्द करतात. मी ऐकून बेत केला.

“एकटी?” लेक म्हणाली. “तुला ती बांधता तरी येते का?”

“शिवते मी.”

“शिवणं वेगळं. मी येते सोबत.”

“अजिबात नाही. उद्या कोणी म्हणायला नको की लेकीने बांधून दिली, लेकीने रात्रभर खालून बोट लावून धरलं. माझी शिलाई, माझी रात्र.”

तिने तो मुद्दा सोडून दिला. मग म्हणाली, “आणि आई, खरंच तुझं चुकलं असेल तर?”

“माझं?”

ती हसायला लागली. “विसरलेच. तुझं कधी चुकलंय! चहात मीठ पडलं तेव्हासुद्धा डब्यांची चूक होती.”

“डबे सारखे दिसतात त्याला मी काय करू?”

“हेच ते,” ती म्हणाली. “जा बाई. छत्री ने.”

छत्री नेली नाही. नेली असती तर मलाच माझ्या शिलाईची खात्री नाही असं झालं असतं. पिशवीत ताडपत्री, सुती दोरीची दोन भेंडोळी, आठ लोखंडी खुंट्या, घोंगडी, पाव, उकडलेली अंडी, थर्मास, आणि कारखान्यातला खाकी कागद घेतला. खाकी कागदावर आम्ही मापं काढतो. त्याचा गुण असा की पाण्याचा एक थेंब पडला तरी काळा डाग उठतो आणि वाळला तरी सुरकुती राहते. तिथे लपवाछपवी चालत नाही. शिलाईच्या बरोबर खाली तो अंथरायचा आणि सकाळी बघायचं, असा माझा बेत. सवयीने दाभण आणि दोराही टाकला. ते माझ्या पिशवीत असतातच.

बसने उतरले तेव्हा दहा वाजले होते. फाटकावरच्या खिडकीतल्या बाईने नाव लिहून घेतलं, सात नंबरची जागा दिली आणि विचारलं, “बरोबर कोण आहे?” मी म्हटलं, “कोणी नाही.” तिने माझ्याकडे, माझ्या गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्याकडे आणि आभाळाकडे पाहिलं. मग गुपचूप सातवर खूण केली.

सात नंबरला तळ्याकडे तोंड करून दोन झाडं होती, एकमेकांपासून नऊ पावलांवर. जागा बरी होती. मी पदर खोचला आणि कामाला लागले.

आता कबूल करते, कारण इथपर्यंत ऐकलंत तर हेही ऐका. ट्रकवाले दोरीला जो फासा मारतात तो मी एकतीस वर्षं रोज पाहिलाय. माझ्या मशीनसमोरच्या खिडकीतून मालधक्का दिसतो. ड्रायव्हर दोरीच्या मध्येच एक डोळा काढतो, टोक खालच्या हुकातून फिरवून त्या डोळ्यात ओवतो आणि अंग टाकून खेचतो. ताडपत्री अशी ताणते की तिच्यावर नाणं उडावं. हे मला झोपेतही सांगता येईल. करायला गेले तर येईना. डोळा काढला की सुटे, ओवलं की गुंता होई. एकदा तर मी माझा अंगठाच झाडाला बांधून घेतला. शेजारच्या जागेतलं जोडपं पिशव्या भरून पावसाआधी पळायच्या बेतात होतं. त्यातला नवरा म्हणाला, “मदत करू का, मावशी?”

“नको,” मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असावं, कारण तो दोन पावलं मागे गेला.

चौथ्या वेळेला डोक्यात उजेड पडला. मी फासा नेहमी समोरून पाहिला होता. ड्रायव्हरचा उजवा हात माझ्या डावीकडे. म्हणजे मी सगळं उलट्या हाताने करत होते. मी हात बदलले, डोळे मिटले आणि खिडकीतला तो माणूस आठवला. डोळा निघाला, टोक शिरलं, मी खेचलं, आणि दोरी करकर आवळत गेली ती सुटेचना. तिथे बघायला कोणी नव्हतं. ते जोडपंही निघून गेलं होतं. तरी मी कमरेवर हात ठेवून झाडापुढे उभी राहिले, निकाल लागलेल्या पोरीसारखी.

मग ताडपत्री चढवली. वरची कड झाडांमधल्या दोरीला, खालची कड जमिनीलगत खुंट्यांना, तोंड तळ्याकडे, पाठ वाऱ्याकडे. कशी लावायची याचा मी विचारसुद्धा केला नाही. लाल बिल्ल्याची कड मागे आणि खाली, दुसरी पुढे आणि वर. ताडपत्रीचा बिल्ला मागेच असतो.

पहिल्यांदा फार सपाट झाली. मधे पोट सुटलं, मालकाच्या खुर्च्यांमध्ये सुटलं होतं तसं. मी दोरी हातभर वर घेतली. मग मागची माती भुसभुशीत निघाली, खुंटी ठोकली की दात पडल्यासारखी हलायची. तेव्हा तळ्याकाठचे गोटे आणून प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर एकेक बसवला. गुडघा बोंबलत होता, त्याला म्हटलं, नंतर बोलू. दोन वाजता मी मधोमध टिचकी मारली. टण्ण आवाज आला. हा आवाज मी ओळखते. कारखान्यात माल बाहेर पडायच्या आधी मी प्रत्येक ताडपत्रीला टिचकी मारते.

मग खाली जाऊन बसले, खाकी कागद अंथरला आणि वर पाहिलं.

काय सांगू? एकतीस वर्षं मी शिलाई वरून पाहिली होती. सुईखाली, टेबलावर, दिव्याच्या पिवळ्या उजेडात. खालून कधी पाहिलीच नव्हती. मागे आभाळाचा उजेड होता, आणि कापडाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माझा टाका जात होता. एक टाका मोठा नाही, एक तिरका नाही. शेवटच्या कोपऱ्यात वळताना लोक घाई करतात, तिथेही नाही. डोळे तपासून घ्या म्हणे. मी तिथे आडवी पडून किती वेळ तो टाका बघत होते कोण जाणे. अंडं सोलून हातात होतं ते खायचंही राहिलं. मला माझा अभिमान वाटला, आणि तो अगदी पोटभर वाटला.

पाऊस पाचच्या सुमाराला आला. आधी तळ्यावर आवाज, मग झाडांवर, मग माझ्या डोक्यावर. आल्या आल्या धो धो. मी कागदाकडे बघत बसले. सहा वाजले, कागद कोरडा. सात वाजले, कोरडा. मग वाऱ्याने कूस बदलली आणि मागची कोपऱ्यातली खुंटी गोट्यासकट उपटली. कड फडफड आपटायला लागली. मी तशीच बाहेर धावले. चिखलात बसून नवी खुंटी तिरकी ठोकली, वर दोन गोटे ठेवले, फासा मारला. ह्या वेळी हात आपोआप चालले. आत आले तेव्हा मी नखशिखांत भिजले होते, केसांतून पाणी गळत होतं, आणि घाईघाईने कागदापासून लांब सरकले, कारण आता गळणारी मीच होते. कागद कोरडा.

अंग पुसलं, घोंगडी लपेटली, थर्मासमधला कोमट चहा प्यायले. पाऊस कोसळत होता आणि माझ्यावर पडत नव्हता. झोप कधी लागली कळलंही नाही.

सकाळी डोळे उघडले ते थेट कागदावर. हात फिरवून पाहिला, उजेडात धरून पाहिला. डाग नाही, सुरकुती नाही. पाऊस अजून रिमझिमत होता, म्हणजे रात्रभर थांबला नव्हता. मला वाटलं उठून तळ्याला सांगावं.

तळ्याला सांगायची गरज पडली नाही. साडेआठला रेनकोट घातलेला एक दांडगा माणूस हातात चहाचा मग घेऊन जागा बघत बघत आला. पावसात कोण टिकलं हे पाहायला आला असावा. माझ्यासमोर थांबला आणि ताडपत्री बघून त्याचा चेहराच पडला.

“अहो, ही कुठून आणलीत तुम्ही?”

“का?”

“ह्या कारखान्याच्या मी बारा घेतल्या होत्या. सगळ्या परत पाठवल्या. चाळणी आहेत नुसत्या. कोणी शिवल्या देव जाणे.”

म्हणजे हाच तो. मी तोंड गंभीर ठेवलं. “मी शिवल्या,” म्हटलं. “या, आत बसा. कोरडं आहे.”

तो मगाकडे बघायला लागला. मग वाकून आत आला, कागद पाहिला, बोटाने चाचपला, वर शिलाई पाहिली. दोनदा पाहिली. रात्रभर इथेच होतात का, विचारलं. फाटकावरच्या बाईला विचारा, म्हटलं.

“पण हे कसं शक्य आहे?” तो म्हणाला. “आणि वर तुम्ही ती उलटी बांधलीय.”

“उलटी?”

“हो ना. बिल्ला वर पाहिजे. पुढे, तोंडावर. आम्ही सगळ्या तशाच बांधल्या होत्या. बिल्ला दिसायला नको का?”

मी उठले. “बांधा,” म्हटलं. “तुमच्या पद्धतीने बांधा, आत्ता.”

आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री सोडली, फिरवली आणि बिल्ला वर घेऊन पुन्हा ताणली. उतार तोच, फासे तेच, पाऊस तोच. खाली खाकी कागद. दहा मिनिटं गेली. मग शिलाईच्या मधोमध एक थेंब तयार झाला, लोंबला आणि पडला. कागदावर काळा डाग उठला. मग दुसरा, तिसरा.

तो डाग बघताना मला जे कळलं ते सांगते. दोन कापडं जोडताना आम्ही वरच्या कापडाची बोटभर घडी टाक्यांवर झुकती ठेवतो. तिला आम्ही पापणी म्हणतो. पापणी उताराकडे झुकलेली असली की पाणी तिच्यावरून घसरून जातं, टाक्यांपर्यंत पोचतच नाही. पण ताडपत्री फिरवली की पापणीचा खिसा होतो. खिशात पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी सुईच्या भोकातून वाट काढणारच. ट्रकवर पापणी मागे झुकलेली हवी, नाहीतर वारा आत शिरतो. म्हणून मागच्या कडेला बिल्ला, म्हणजे कुठली बाजू मागे ते ड्रायव्हरला कळतं. आमच्या धंद्यात हे कोणी कोणाला सांगत नाही. श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा हे तरी कोणी सांगतं का?

पण हा माणूस आमच्या धंद्यातला नव्हता. त्याने बिल्ला पाहिला आणि दुकानावर पाटी लावतात तसा तो पुढे लावला. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. त्याच्या बारा ताडपत्र्यांवर बिल्ले मी लावले होते. ट्रकच्या सवयीने, विचार न करता, एकामागून एक बारा. कुठली बाजू वर हे कुठेही लिहिलं नाही, सांगितलं नाही. माझ्या मनात तो प्रश्नच आला नव्हता.

कॅम्पवाला माझ्याकडे बघत होता. माणूस मनाचा मोठा निघाला. म्हणाला, “म्हणजे आम्हीच उलट्या बांधल्या. आमची चूक. मी फोन करून तसं सांगतो तुमच्या मालकांना.”

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेनऊला भंगारवाला येणार होता. आमची चूक, तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता. मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. म्हैस राहिली असती, मी राहिले असते, आणि मालक चारचौघांत माझी माफी मागून मोकळा झाला असता. त्या माफीची मी चार दिवस मनात उजळणी केली होती, तो कुठे उभा राहील इथपर्यंत.

त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून मधे धरला. घंटा वाजली. मालकाने उचलला तेव्हा मागे फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. म्हशीचा पाय कसा वाजतो हे मला कोणी सांगायला नको. भंगारवाला वेळेआधीच आला होता.

“मालक,” कॅम्पवाला म्हणाला, “शिलाई उत्तम आहे हो. बाई रात्रभर खाली झोपल्या, एक थेंब नाही. आम्हीच ताडपत्र्या उलट्या...”

“थांबा,” मी म्हटलं.

तो थांबला.

“बाळा, मी बोलतेय. शिलाई गळत नाही. ते लिहून ठेव. पण ह्यांचीही चूक नाही. बिल्ला ट्रकसारखा मागच्या कडेला लागलाय, आणि ह्यांनी तो पुढे घेतला. कोणीही घेईल. झोपायच्या ताडपत्रीचा बिल्ला वरच्या कडेला पाहिजे होता. ते माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी आहे.”

पलीकडचा घासल्याचा आवाज थांबला. मला वाटलं, गेली म्हैस.

“मावशी,” मालक हळूच म्हणाला, “काय म्हणालात?”

“ऐकलंस ना?”

“ऐकलं. पण खात्री करून घेतोय. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकतोय.”

“एकदाच म्हणणार आहे. पुन्हा म्हणायला लावू नकोस.”

तो हसला नाही. कोणाला तरी, फोनपासून तोंड लांब नेऊन म्हणाला, “ठेवा ते परत. हो, होतं तिथेच. खिडकीपाशी.” मग मला म्हणाला, “बिल्ले फिरवायला किती वेळ लागेल?”

“बारांचे? अर्धा दिवस. आणि ह्यापुढे प्रत्येक बिल्ल्याखाली ‘ही बाजू वर’ असं लिहायचं.”

“लिहू.” मग तो म्हणाला, “मावशी, ते डोळ्यांचं मी सगळ्यांसमोर बोललो. आज सगळ्यांसमोर मागे घेतो. कधी येताय?”

मी ताडपत्रीकडे पाहिलं. ती अजून बिल्ला वर घेऊन थेंब थेंब गळत होती. माझा हात पिशवीत गेला होता, दाभणीवर.

“उद्या,” मी म्हटलं. “तोवर म्हशीला कोणी हात लावायचा नाही.”

फोन झाल्यावर मी पावसातच बसले. दाभणीने बिल्ल्याचे टाके उसवले आणि तो विरुद्ध कडेवर हाताने शिवला. कॅम्पवाला बाजूला उभा राहून माझ्या डोक्यावर रेनकोट धरत होता. शिवून झाल्यावर मी ताडपत्री पुन्हा फिरवली, पापणी उताराकडे, आणि बिल्ला वर, त्याला हवा तिथे. फासे एकटीने मारले. तो मदतीला पुढे झाला तर हातानेच थांबवलं. मग टिचकी मारली.

लेकीचा फोन आला. “काय गं, गळली का?”

“एक थेंब नाही.”

“बघ. म्हणजे तुझं काही चुकलं नव्हतं.”

“चुकलं होतं,” मी म्हटलं. “घरी आल्यावर सांगते. आज रात्री इथेच राहणार आहे.”

“आता कशाला? सिद्ध झालं ना?”

“झालं. म्हणून आता मजेत राहते.”

ती पलीकडे काहीतरी बोलत होती. मी खाली आडवी पडून वर माझा टाका बघत होते. कागद अंथरायचा राहिला होता, आणि तो आता लागणारही नव्हता.